सुमनबाई का हसल्या

सुमन लोखंडे गेल्याचा निरोप मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तेव्हा तासाभरात तीसेक जणांनी हात जोडले. मीही जोडले. मग कुणीतरी विचारलं, "याच का त्या, ज्यांचं साउथ आयलंडला काहीतरी प्रकरण झालं होतं?" थोड्या वेळाने एकाने गणपतीच्या जेवणाची यादी टाकली आणि तो प्रश्न वर सरकत दिसेनासा झाला.

प्रकरण झालं होतं आणि ते माझ्यामुळे झालं होतं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निवृत्त डॉक्टर आहे, वेलिंग्टनला मुलाकडे राहतो. मंडळातले लोक मला मानतात, दरवर्षी समईची पहिली वात मला लावायला सांगतात. म्हणून हे त्यांनीच आधी वाचावं.

आणखी एक. सुमनबाईंना मी उभ्या आयुष्यात 'अगं सुमन' अशी हाक मारली. इथे 'त्या' म्हणतो आहे. उशीर झाला आहे, ठाऊक आहे.

साउथ आयलंडमधल्या कॅंटरबरीच्या मैदानात, डोंगरापासून लांब आणि समुद्रापासूनही लांब, असं ते गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत. एकच सरळ रस्ता आणि त्यावर शाळा, हॉल, पब, धान्याचे दोन उंच सायलो, युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड, आणि डेअरी, म्हणजे इथल्या बोलीतलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. रस्त्याच्या टोकाला आमचं क्लिनिक. त्यापुढे जमीन नुसती सपाट. वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगा सोडल्या तर नजरेला कुठे टेकायला जागा नाही. माझ्यासारख्या कोल्हापूरच्या माणसाला पहिले सहा महिने तिथे श्वास पुरेना.

सुमनबाईंना मात्र ते गाव पहिल्याच दिवशी कळलं. त्या जत तालुक्यातल्या. "हा आमचा माळच आहे," त्या म्हणायच्या, "फक्त याला कुणीतरी पाणी पाजलंय." मिरजेला नर्सिंग शिकल्या, काही वर्षं आखातात काढली, मग नवरा आणि लहान मुलगी घेऊन इथे आल्या. नवरा दुसऱ्याच वर्षी कॅन्सरने गेला. त्या गावातच राहिल्या. मी तिथे गेलो तेव्हा त्यांना येऊन चार वर्षं झाली होती. मी मंगळवारी आणि गुरुवारी तिथे बसायचो, उरलेले दिवस तासाभरावरच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात. म्हणजे डॉक्टर मी, पण गाव त्यांच्याकडे होतं. गावाने त्यांचं नाव 'सू' करून टाकलं होतं आणि ते त्यांनी चालवून घेतलं होतं.

त्यांची तपासायची एक पद्धत होती. त्या आधी घर तपासायच्या आणि मग माणूस. शेतावर भेटीला जाताना गाडी फाटकापाशी मिनिटभर थांबवायच्या. दोरीवर कपडे किती दिवसांचे आहेत, कुत्रं बांधलेलं आहे की मोकळं, धुराड्यातून धूर येतो का. एकदा मार्चअखेरीस, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, मी त्यांच्या शेजारी बसून कुठेतरी चाललो होतो. वाटेत आर्ची नावाच्या एकट्या म्हाताऱ्याचं घर लागलं. त्यांनी गाडी हळू केली. म्हणाल्या, "लाकडं अजून ढिगातच आहेत." मला काही कळेना. त्या भागात थंडी पडायच्या आत प्रत्येक माणूस जळण फोडून थप्पी लावतो. ती थप्पी सरळ असावी यात त्याची इज्जत असते. आर्चीची थप्पी दरवर्षी गावात पहिली लागायची. त्यांनी गाडी वळवली. आर्ची खुर्चीत बसला होता, म्हणाला, जरा दमायला होतंय इतकंच. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते आणि छातीत पाणी भरलं होतं. कुऱ्हाड उचलली की त्याला धाप लागत होती आणि हे तो मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हता.

त्यांनी मला एक कोष्टक शिकवलं होतं. इथला शेतकरी 'मस्त' म्हणाला की घरी जाऊ द्यायचं. 'ठीक आहे' म्हणाला की बसवून ठेवायचं. 'जरा ताठलंय' म्हणाला की हेलिकॉप्टर. मी हसायचो. त्या म्हणायच्या, हसा, पण पाठ करा.

हॉलमध्ये कुणाचाही कार्यक्रम असला की बायकांनी घरून काहीतरी करून न्यायची तिथे रीत. पहिल्या वर्षी सुमनबाईंनी शंकरपाळे नेले. कुणी हात लावेना, म्हणून त्यांनी शाळेतल्या मुलांना बोलावून बशी त्यांच्यासमोर धरली. पुढच्या वर्षापासून हॉलच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'सूची बिस्किटं' असं छापूनच यायला लागलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायला अवघड आहे, कारण तिच्यात कुणी ओरडलं नाही, कुणी दार आपटलं नाही.

या देशात नर्स डॉक्टरला नावाने हाक मारते आणि त्याचं चुकतं आहे असं वाटलं तर तोंडावर सांगते. सुमनबाई इंग्रजीत बोलायच्या तेव्हा अगदी तशा होत्या. एका हिवाळ्यात बर्फ पडून दोन दिवस वीज गेली आणि लशींचा फ्रिज बंद पडला. मी पोचलो तेव्हा बाहेर बाळं घेऊन आया बसलेल्या. मी म्हटलं, थंडीच इतकी आहे, लशी टिकल्या असतील. त्यांनी माझ्यासमोर सगळ्या बाटल्या टाकाऊ औषधांच्या डब्यात रिकाम्या केल्या आणि रिसेप्शनवरच्या जिलच्या देखत इंग्रजीत म्हणाल्या, "नाही, वसंत. हे मी कुणाच्या लेकराला टोचणार नाही."

त्याच दुपारी जेवायला बसलो तर त्यांनी डबा पुढे केला. पीठ क्राइस्टचर्चहून आणून केलेली बाजरीची भाकरी. आणि मराठीत म्हणाल्या, "सर, ठेचा चालेल का तुम्हाला? जळजळत असेल तर राहू द्या, मी दही आणलंय." सकाळची बाई कुठे गेली असं वाटावं इतका आवाज खाली आलेला.

इंग्रजीत मी वसंत होतो, मराठीत सर होतो. आम्ही मराठीत बोलायला लागलो की ते क्लिनिक उरायचं नाही, मिरजेचा वॉर्ड व्हायचा. डॉक्टर राउंडला आलेत आणि नर्स फाईल छातीशी धरून अर्धं पाऊल मागे उभी आहे. वीस वर्षांची असताना त्यांच्या अंगात जे मुरवलं गेलं, ते त्या भाषेबरोबर परत यायचं. हे मला कळलं होतं, आणि कळल्यावर मी ते वापरायला लागलो. शनिवारची पाळी बदलून हवी असली, एखाद्या चिडलेल्या नातेवाइकाशी मला बोलायचं नसलं, त्यांचा एखादा मुद्दा मला टाळायचा असला, की मी मराठीत शिरायचो. "अगं सुमन, ऐक की." आणि त्या म्हणायच्या, "बरं सर." परक्या मुलखात आपल्या भाषेचा जिव्हाळा, असं लोकांना वाटायचं. मीही स्वतःला तेच सांगत होतो.

फोनवर औषध सांगितलं तर त्याची नोंद कशी करायची हेही मीच त्यांना शिकवलं होतं. त्या पूर्वी सगळं लिहायच्या, मी काय म्हणालो, त्या काय म्हणाल्या. मला ते वाचत बसायचा कंटाळा. मी सांगितलं, इतकं नको, 'डॉक्टरांशी बोलणं झालं' एवढं पुरे. त्या दिवसापासून त्या तेवढंच लिहायला लागल्या.

रुग्णाला शहरातल्या हॉस्पिटलात न्यायचं हेलिकॉप्टर बोलवायला नर्सला डॉक्टरची परवानगी लागत नव्हती. ज्या वर्षी प्रकरण झालं त्या वर्षी त्यांनी ते आधी दोनदा बोलावलं होतं. एकदा शाळेतल्या शिक्षिकेच्या छातीत कळ आली म्हणून. ते पित्त निघालं. दुसऱ्यांदा लोकर कातरणाऱ्या एका माणसासाठी. त्याचा स्नायू दुखावला होता. दुसऱ्या वेळी शहरातल्या हॉस्पिटलमधल्या एका तरुण डॉक्टरने मला फोन करून, फार सभ्य शब्दांत, विचारलं की तुमच्याकडे रुग्ण तपासतात की थेट पाठवतात. पबमध्ये हेलिकॉप्टरचं नाव 'सूची टॅक्सी' पडलं. सुमनबाईंनी ते मनावर घेतलं नाही. म्हणाल्या, दोन फेऱ्या फुकट गेल्या तर गेल्या, तिसरी लागेल. मी मात्र मनावर घेतलं.

तिसरी वेळ आली ती कापणीच्या दिवसांत, दुपारी. डोंगराकडून गरम कोरडा वारा सुटला होता. तो सुटला की त्या मैदानात माणसं आणि जनावरं दोन्ही चिडचिडी होतात. ग्रॅहम नावाचा शेतकरी, साठीच्या आसपासचा, कापणीचं यंत्र सोडून बायको मार्गारेटबरोबर क्लिनिकमध्ये आला. कापणी सोडून आला, यातच सगळं होतं. सुमनबाईंना तो म्हणाला, पाठीत जरा ताठलंय.

त्यांनी त्याला आडवं केलं, दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला. दोन हातांत मोठा फरक होता. याचा अर्थ छातीतली मोठी धमनी आतून फाटत असू शकते. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांनी मला फोन लावला. मी मोठ्या गावात होतो, बाहेर रुग्णांची रांग, आणि त्याच सकाळी हॉस्पिटलहून कुठल्याशा कागदावरून बोलणी ऐकून घेऊन बसलो होतो.

त्यांनी सुरुवात इंग्रजीत केली. "वसंत, ग्रॅहम आलाय, मला हेलिकॉप्टर—"

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. मी मराठीत म्हणालो, "अगं सुमन, परत टॅक्सी? मीटर चालू ठेवलाय का पायलटने?"

त्या हसल्या. लहानसं, दबलेलं हसू. वॉर्डात मोठ्या डॉक्टरने विनोद केला की नर्सला हसावं लागतं, ते हसू. मग मराठीत त्यांनी मला सगळं सांगितलं. दोन हातांतला फरक आकड्यासकट सांगितला, तो पांढरा पडलाय, घाम सुटलाय, हे सांगितलं. मी म्हणालो, त्या तुमच्या जुन्या मशीनचा काय भरवसा. कापणीत पाठ धरते. दुखण्याचं इंजेक्शन दे, अर्धा तास झोपव, मार्गारेटला म्हणावं घरी ने, सकाळी मी येतोच आहे.

त्या म्हणाल्या, "सर, मला बरं वाटत नाही हे."

मी म्हणालो, "सुमन, डॉक्टर कोण आहे?"

"तुम्ही, सर."

"मग?"

"बरं सर."

ग्रॅहम घराच्या वाटेवर, गावाबाहेरच्या पुलाजवळ, बायको गाडी चालवत असताना गेला.

पुढे तज्ज्ञांनी सांगितलं की हेलिकॉप्टर आलं असतं तरी तो वाचला असता असं नाही. कदाचित वाचला असता, कदाचित नसता. त्या 'कदाचित'ची उशी करून मी पुष्कळ वर्षं झोपलो.

चौकशी झाली. नोंदीत सुमनबाईंनी दोन्ही हातांचे आकडे व्यवस्थित लिहिले होते आणि खाली एक ओळ होती, 'डॉक्टरांशी बोलणं झालं'. म्हणजे धोका त्यांना दिसला होता हे त्यांच्याच अक्षरात सिद्ध झालं. डॉक्टर काय म्हणाले हे कुठेच नव्हतं. जिलने सांगितलं, फोनवर बोलणं झालं हे खरं, पण ते त्यांच्या भाषेत होतं, मला एक शब्द कळला नाही. बाहेरच्या बाकावर मार्गारेट बसली होती. तिने सांगितलं, मला दारातून दिसत होतं. माझा नवरा आत पडला होता आणि ही बाई फोनवर आपल्या भाषेत बोलत हसत होती.

ते वाक्य गावात घरोघर गेलं.

मला लेखी विचारलं गेलं. मी जे लिहिलं ते माझ्याकडे अजून आहे. मी लिहिलं की संभाषणाचा नेमका तपशील मला आठवत नाही. मात्र दोन हातांच्या रक्तदाबातला फरक मला सांगितला गेला असता तर मी तातडीने हेलिकॉप्टर बोलवायला सांगितलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका वकिलाने ते वाचून म्हटलं, उत्तम लिहिलंय. त्यात सरळ खोटं एकच होतं, 'आठवत नाही'. बाकी सगळं 'असता' आणि 'असतं' होतं. मला आठवत होतं. आज वर लिहिलं तसंच, शब्दाला शब्द आठवत होतं.

चौकशीत सुमनबाई एवढंच म्हणाल्या की मी डॉक्टरांना आकडे सांगितले होते आणि त्यांनी नको सांगितलं. समितीतल्या बाईंनी विचारलं, तुम्हाला स्वतःला हेलिकॉप्टर बोलवायचा अधिकार होता का? त्या म्हणाल्या, होता. मग का नाही बोलावलंत? यावर त्या गप्प बसल्या. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. त्या गप्प का आहेत हे त्या खोलीत एकट्या मला कळत होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मराठीत दोन शब्दांचं होतं, इंग्रजीत ते सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तरी त्या लोकांना ते वेडेपणाचं वाटलं असतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कागदांकडे पाहिलं.

त्यांच्या नोंदणीवर अटी लागल्या. एकटीने काम करायचं नाही, कुणाच्या तरी देखरेखीखाली करायचं. त्या गावात देखरेख करायला होतं कोण? गाव त्यांना काही बोललं नाही. तिथली माणसं बोलत नाहीत. रस्त्यात गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायची तिथे पद्धत आहे, ती बोटं उठेनाशी झाली. हॉलच्या पुढच्या यादीत 'सूची बिस्किटं' नव्हती. तरी त्या शंकरपाळे करून गेल्या, आणि भरलेला डबा घेऊन परत आल्या. हे मी पाहिलं आहे. मी त्या दिवशी हॉलमध्ये होतो, माझ्या हातात चहाचा कप होता.

महिनाभरात त्या मुलीकडे, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला गेल्या. नोंदणी पुन्हा केली नाही. वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागल्या. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, भरवायचं.

मी आणखी नऊ वर्षं त्या गावात काम केलं. निरोप दिला तेव्हा हॉल भरला होता. मेरिनो लोकरीची घोंगडी दिली. गावातर्फे आभार मानायला उभी राहिली मार्गारेट. म्हणाली, आमच्या सगळ्यांत वाईट दिवसांत हा माणूस आमच्याजवळ होता. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

त्यानंतर वेलिंग्टन. बायको गेली. अप्पर हट इथून लोकल गाडीने तासाच्या आत आहे. तिथे जायला मला सहा वर्षं लागली.

दार मुलीने उघडलं. मीरा तिचं नाव, सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करते. मी मराठीत सांगितलं मी कोण ते. तिने ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाली, तुम्ही कोण आहात ते मला माहीत आहे. आईला सांगते. आणि मला पायरीवरच उभं ठेवून आत गेली.

सुमनबाई बारीक झाल्या होत्या. मणक्याचं काहीतरी होतं, बसताना हाताने टेबल धरायच्या. मी पाठ केलेलं सगळं बोललो. मी खोटं लिहिलं, मला आठवत होतं, तुझं नाव माझ्यामुळे गेलं, मला क्षमा कर. त्या मेथी निवडत होत्या. मी संपेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मग म्हणाल्या, "हे तुम्ही मला कशाला सांगताय? मी होते की फोनवर."

मी म्हटलं, मी त्या चौकशीवाल्यांना लिहितो.

"लिहा. पण ते कागद आहेत. तुम्ही मार्गारेटकडे जा." त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. "तिचा नवरा गेला त्याला कदाचित मी पण कारण आहे. फोन ठेवून दुसरा फोन लावायला मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. ते माझं मी बघते. पण तिने मला हसताना पाहिलंय. तो माणूस आत मरत होता आणि मी हसत होते, असं ती सोळा वर्षं समजतेय. मी का हसले ते तिला सांगा. ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

मी म्हटलं, तू तिला कधी कळवलं नाहीस? म्हणाल्या, पत्र घातलं होतं. उत्तर आलं नाही.

मी जातो म्हणालो. त्या विचारायला लागल्या, कधी. मी म्हणालो, पुढच्याच आठवड्यात. त्या मला स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. ते शेवटी सांगतो.

मी पुढच्या आठवड्यात गेलो नाही. गुडघा दुखत होता. मग नातीची परीक्षा होती, मग हिवाळा लागला, घाटात बर्फ असेल असं मी स्वतःला सांगितलं. वेलिंग्टनहून विमानाने जाणाऱ्याला घाट लागत नाही. असे चौदा महिने गेले आणि एका सकाळी ग्रुपवर तो निरोप आला.

त्यानंतर आठ दिवसांत मी मार्गारेटच्या स्वयंपाकघरात होतो. म्हणजे जाता येत होतं.

ती एकटीच राहते. शेती मुलाने दुग्धव्यवसायाला देऊन टाकली आहे. गव्हाच्या जागी पाण्याचे लांबलचक फिरते पाइप आणि गाई. तिने मला मिठी मारली, डॉक म्हणाली, केटल लावली. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. ती केटलपाशीच थांबली. मी त्या विनोदापर्यंत आलो तेव्हा म्हणाली, तो इंग्रजीत सांग. मी सांगितला. इंग्रजीत तो विनोद फारच लहान होता.

"आणि ती त्याला हसली."

"मी तिचा वरिष्ठ होतो. हसावं लागायचं."

"मग पुढे ती काय म्हणाली?"

मी सगळं सांगितलं. 'मला बरं वाटत नाही हे' हेही सांगितलं. मार्गारेट खिडकीबाहेर बघत राहिली. तिने केटल बंद केली, पण कप काढले नाहीत. मग म्हणाली की सूचं एक पत्र आलं होतं. मी ते न उघडता शेगडीत टाकलं. जवळच्या ॲशबर्टनमधल्या दुकानात एकदा ती समोरून आली, माझं नाव घेऊन थांबली. मी ट्रॉली वळवली.

"ती गेली म्हणालास. कधी?"

मी सांगितलं.

"आणि तू आज आलास."

तिने मीराचा पत्ता मागितला. मी लिहून दिला. तिने तो दोनदा वाचला, अक्षर नीट लागतंय ना ते पाहिलं, आणि मला म्हणाली, आता जा, वसंत. त्या गावाने मला डॉक सोडून कधी काही म्हटलं नव्हतं.

चौकशीवाल्यांनाही मी लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य आहे. संबंधित व्यक्ती हयात नसल्याने प्रकरण पुन्हा उघडता येणार नाही, आपलं पत्र फाईलला जोडलं आहे. मीराला लिहिलं, तिचं उत्तर आलेलं नाही. यावं अशी अपेक्षाही नाही.

आता स्टेशनचं. अप्पर हटचं स्टेशन म्हणजे त्या मार्गाचा शेवट, गाडी तिथेच उभी असते. सुमनबाई काठी टेकत माझ्याबरोबर आल्या. मी खिडकीशी बसलो तरी त्या फलाटावर थांबल्या. मग काहीतरी आठवून दारात आल्या आणि म्हणाल्या, "मार्गारेटकडे जाताना जुन्या पुलावरून जाऊ नका. पुरात त्याचा एक खांब खचलाय, बंद केलाय तो. शाळेपासून डावीकडे वळा, पाण्याच्या कालव्याच्या कडेने खडीचा रस्ता आहे."

मी विचारलं, तुला कसं माहीत? मी त्यांच्यानंतर नऊ वर्षं त्या गावात होतो आणि मला माहीत नव्हतं.

म्हणाल्या, रोज सकाळी फोनवर गावाचं पान बघते. कुठला रस्ता बंद आहे, कुणाचं कुत्रं हरवलंय. सवय.

दारं मिटली. त्यांना वाटलं असावं की म्हाताऱ्याला कळलं नाही. त्या खिडकीपाशी आल्या आणि बाहेरून, काचेवरच्या धुळीत, बोटाने रस्ता काढायला लागल्या. एक सरळ रेघ, शाळेपर्यंत. तिथून डावीकडे. मग लांब रेघ कालव्याची. शेवटी एक लहान चौकोन काढून त्यावर बोट ठेवलं, म्हणजे घर. गाडी हलली. त्या काठी टेकत खिडकीबरोबर आठ-दहा पावलं चालल्या, काचेवरचं बोट न काढता, आणि भुवया उंचावून मला विचारत राहिल्या, कळलं ना, कळलं ना.

मी मान हलवली. कळलं म्हणून.